कात्रीने केलेला अभिनय

हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट पडद्यावर आणायची तर उंदीर हवेत, तेही शेकड्यांनी आणि पुंगीच्या मागे निमूट चालणारे. १९१८ साली जर्मन नट-दिग्दर्शक पाउल वेगेनर यांनी ही गोष्ट चित्रित करायला घेतली, तेव्हा जिवंत प्राणी काही हुकमाप्रमाणे चालेनात. मग लाकडाचे उंदीर केले गेले. एक फ्रेम टिपायची, प्रत्येक उंदीर किंचित पुढे सरकवायचा, पुन्हा एक फ्रेम टिपायची. या चिकाटीच्या कामावर असलेल्या माणसांत एकोणिशीच्या आसपासची एक मुलगी होती, लोटे रायनिगर. तिला नटी व्हायचं होतं.

लोटे रायनिगरची ओळख आज अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात होते. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटांत सर्वांत जुना चित्रपट तिचा आहे, आणि तो डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’च्या अकरा वर्षं आधीचा आहे. तिची नाट्यशाळा, नटांच्या मागे मागे फिरणं, रंगमंचाची ओढ हा भाग मात्र दोन ओळींत उरकला जातो. जणू ते लहानपणीचं वेड होतं आणि खरं काम नंतर सुरू झालं. मी पुण्यात प्रायोगिक रंगभूमीवर कामं केली, आणि आता घरातल्या काचेच्या टेबलावर कागदी आकृत्यांचे छोटे चित्रपट करते. माझ्या हातांना वेगळंच सांगायचं आहे. लोटेने अभिनय कधी सोडलाच नाही. तो तिने स्वतःच्या अंगातून काढून बोटांत नेला.

तिचा जन्म २ जून १८९९ रोजी बर्लिनच्या शार्लोटनबर्ग भागातला. कागद कातरून आकृत्या काढायची कला तिला लहानपणापासून अवगत होती. चिनी सावल्यांच्या खेळाचं तिला वेड होतं आणि घरीच ती सावल्यांची नाटकं करून दाखवायची. पुढे जॉर्ज मेलिएसचे जादूचे चित्रपट पाहिले, वेगेनरचा ‘गोलेम’ पाहिला, आणि सिनेमात काय काय शक्य आहे यावर वेगेनरचं व्याख्यान ऐकलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. या माणसाच्या जवळ पोहोचायचंच, असं तिने ठरवलं. वेगेनर ज्या रंगभूमीवर काम करत ती मॅक्स राइनहार्ट यांची होती, म्हणून ती राइनहार्टच्या नाट्यशाळेत दाखल झाली.

राइनहार्ट हे त्या काळच्या युरोपीय रंगभूमीवरचं सर्वांत मोठं नाव. तिथे एका नवशिक्या मुलीकडे कोण पाहणार? लोटे विंगेत उभी राहून नटांच्या आकृत्या कातरू लागली. अमुक नट अमुक भूमिकेत कसा उभा राहतो, मान कुठे वळवतो, झगा कसा सावरतो, हे सगळं काळ्या कागदात. नटांना स्वतःला असं पाहायला आवडलं. १९१७ साली या आकृत्यांची पुस्तिकाही निघाली. वेगेनरचं लक्ष गेलं ते याच कातरकामामुळे. त्याने तिला आपल्या चित्रपटांच्या शीर्षकपाट्यांसाठी छायाकृती करायला दिल्या, आणि मग ते उंदीर आले.

विंगेतल्या त्या दिवसांपाशी मला थांबावंसं वाटतं, कारण ते शिक्षण फार वेगळं आहे. नटाच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे, आवाजाकडे सगळेच बघतात. काळी आकृती कातरणाऱ्याला यांतलं काहीच हाती लागत नाही. त्याच्याकडे उरते फक्त शरीराची कड. हॅम्लेट हॅम्लेटसारखा दिसायचा असेल तर तो पाठीच्या बाकातून, गुडघ्याच्या कोनातून, हनुवटीच्या उंचीवरून दिसला पाहिजे. आमच्या शिबिरात आम्हांला प्रेक्षकांकडे पाठ करून उभं करत आणि एक वाक्यही न बोलता वाट पाहणं, भिणं, लाजणं करून दाखवायला सांगत. सुरुवातीला सगळे खांदे उडवायचे. हळूहळू लक्षात यायचं की भीती आधी मानेत येते आणि लाज कमरेत. लोटे हेच शिकत होती, फक्त कात्री हातात धरून.

१९१९ मध्ये वेगेनरच्या ओळखीने ती हान्स क्यूर्लिस यांच्या सांस्कृतिक संशोधन संस्थेत पोहोचली. तिथे शैक्षणिक चित्रपटांचे प्रयोग चालत. त्याच वर्षी तिचा पहिला स्वतंत्र छोटा चित्रपट झाला, ‘प्रेमात पडलेल्या हृदयाची नक्षी’. दोन आकृत्या आणि त्यांच्या मनःस्थितीनुसार बदलणारी एक नक्षी, एवढाच त्याचा संसार. तिथेच तिला कार्ल कोख भेटला. १९२१ साली त्यांनी लग्न केलं. पुढे चार दशकं तिच्या टेबलावरचा कॅमेरा आणि तांत्रिक बाजू प्रामुख्याने तोच सांभाळत राहिला.

तिची पद्धत आपल्यालाही करून पाहता येईल इतकी साधी आहे. काळा जाड कागद आणि शिशाचा पातळ पत्रा यांचे भाग कातरायचे: डोकं, मान, छाती, कंबर, दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल. ते बारीक तारेने सांध्यांवर जोडायचे. शिशामुळे आकृती जड होते, सपाट पडून राहते, श्वासाने उडत नाही. टेबलात काच, काचेखाली दिवे, वर पारदर्शक कागद, त्यावर आकृती, आणि सगळ्याच्या वर खाली तोंड केलेला कॅमेरा. एक फ्रेम टिपायची, हात केसभर हलवायचा, दुसरी टिपायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ आणि नंतर आगकाड्यांची मौज दाखवली ती याच तत्त्वावर, फ्रेममागून फ्रेम. मुख्य पात्रांच्या आकृत्यांना लोटे कितीतरी सांधे ठेवी, आणि जवळच्या दृश्यासाठी डोकं-खांदे वेगळे, मोठ्या आकारात कातरी, कारण लहान आकृतीवर कॅमेरा जवळ नेला की तिची कड उघडी पडते.

तिला कातरताना पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे की उजव्या हातातली कात्री जवळजवळ स्थिर असे आणि डाव्या हातातला कागद झरझर फिरे. आधी पेन्सिलीची रेघ नाही. मी हे करून पाहते तेव्हा त्यातलं मर्म कळतं. कात्री फिरवली की मनगट अडतं आणि रेषेला कोपरा येतो. कागद फिरवला की रेषा वाहती राहते. तिच्या आकृत्यांची बोटं, पिसं, झालरी इतक्या सलग दिसतात त्याचं कारण या डाव्या हातात आहे.

पण कातरणं हा अर्धाच भाग. काचेवर आडवी पडलेली आकृती म्हणजे नुसता कागद. पात्राने हात उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायला दोन सेकंद घेतले, तर चोवीस फ्रेमच्या हिशोबाने अठ्ठेचाळीस जागा झाल्या. त्या सगळ्या सारख्या अंतरावर ठेवल्या तर हात यंत्रासारखा उचलला जातो. माणूस हात उचलताना आधी रेंगाळतो, मध्ये वेग घेतो, पोहोचताना पुन्हा हळू होतो, आणि मनात संकोच असेल तर मध्येच क्षणभर थांबतो. तो संकोच अठ्ठेचाळीसपैकी नेमका कुठे ठेवायचा, हे गणिताने ठरत नाही. ते आधी स्वतःच्या अंगात घडवावं लागतं. मी आरशासमोर उभी राहून ती हालचाल करते, मनात मोजते, मगच काचेपाशी जाते. लोटेने १९७० साली सावल्यांच्या रंगभूमीवर आणि छायाचित्रपटांवर पुस्तक लिहिलं. त्यातही माणसांच्या आणि जनावरांच्या हालचाली आधी नीट पाहण्यावर तिचा भर आहे. ती शिकलेली नटी होती, हे अशा ठिकाणी दिसतं.

माझं आजोळ कुडाळकडचं. तिथून जवळच पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. मागे दिवा, पुढे पांढरा पडदा, आणि बाहुली हलवता हलवता गाणारा, बोलणारा माणूस. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या खेळात बाहुली आणि कलावंत एकाच क्षणात असतात. रावण गरजतो तेव्हा त्याच श्वासात हात हलतो, समोरचे लोक दबकले की गरजणं वाढतं. लोटेच्या टेबलावर हा आधार नव्हता. एका रागाच्या झटक्यासाठी तिला सबंध दुपार तो राग बोटांत धरून ठेवावा लागे, समोर कुणी प्रेक्षक नसताना. जिवंत खेळ मी पाहिला असल्यामुळे तिचं काम किती अवघड होतं ते मला जास्त जाणवतं.

१९२३ मध्ये जर्मनीचं चलन कोसळलं. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. पैसा हातात ठेवण्यात अर्थ नाही म्हणून लुई हागेन या बँकरने कच्च्या फिल्मचा मोठा साठा विकत घेतला होता. लोटेचं काम त्याने पाहिलं होतं. त्याने विचारलं, पूर्ण लांबीचा चित्रपट कराल का? अ‍ॅनिमेशन म्हणजे मुख्य चित्रपटाआधीची पाच-दहा मिनिटांची गंमत, असं मानलं जाई त्या काळात हा प्रश्न धाडसाचा होता. पोट्सडाममधल्या आपल्या घराच्या गॅरेजवरचा माळा त्याने तिला स्टुडिओ म्हणून दिला.

माळ्याचं छत बुटकं. कॅमेऱ्याला वर पुरेसं अंतर मिळावं म्हणून काच जवळपास जमिनीलगत बसवावी लागली. लोटे एका मोडीत काढलेल्या मोटारीच्या सीटवर गुडघे टेकून काम करी. जवळच बाबेल्सबर्गला उफा या बलाढ्य कंपनीचे स्टुडिओ होते, आणि याच काळात तिथे फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ हजारो एक्स्ट्रांच्या गर्दीत चित्रित होत होता. इकडे माळ्यावर पाच-सहा माणसं. कोख कॅमेऱ्यावर. अमूर्त चित्रपटांसाठी नावाजलेला वाल्टर रुटमान जादूचे आणि आगीचे परिणाम करायला. समुद्राच्या लाटा बेर्टोल्ट बार्टोशच्या. मदतीला अलेक्झांडर कार्दान आणि वाल्टर ट्यूर्क. संगीतकार वोल्फगांग झेलर. रुटमानने तिला एकदा विचारलं होतं, या परीकथेचा १९२३ सालाशी काय संबंध? संबंध काही नाही, मी आज जिवंत आहे आणि मला ही संधी मिळाली आहे एवढंच, अशा अर्थाचं उत्तर तिने दिलं. मला त्यात पळवाट दिसत नाही. भाकरीला टोपलीभर नोटा लागत असताना सुरुवात करून तीन वर्षं एकाग्रतेने काम करत राहणं हीच त्या काळाशी घेतलेली झुंज होती.

चित्रपट होता ‘राजपुत्र अहमदची साहसे’. कथा ‘अरेबियन नाइट्स’मधल्या गोष्टींतून गुंफलेली: उडता घोडा, आफ्रिकी जादूगार, परी बानू, अल्लाउद्दीन, चीन, वाकवाक बेटं. सुमारे अडीच लाख फ्रेम टिपल्या गेल्या आणि त्यांतल्या साधारण ९६,००० चित्रपटात राहिल्या. म्हणजे पाऊण तासावर वीस मिनिटांच्या एका चित्रपटासाठी तीन वर्षं. दृश्याला खोली यावी म्हणून काचा एकावर एक रचून त्यांवर आकृत्या, लाटा, आकाश वेगवेगळ्या थरांत ठेवले जात. डिस्नेचा प्रसिद्ध बहुस्तरीय कॅमेरा पडद्यावर आला तो १९३७ साली.

या चित्रपटातलं परी बानूचं दृश्य मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवते. परी पिसांचा पोशाख उतरवून तळ्यात उतरते, अहमद झुडपामागून पाहतो, आणि पोशाख पळवतो. नंतर ती घाबरते, पळते, थकते. काळी सपाट आकृती, डोळाही नाही, तरी ती घाबरलेली कधी आणि चिडलेली कधी, हे मुलांना अचूक सांगता येतं. खांदा आत ओढलेला असतो, किंवा पाठ ताठ झालेली असते. मग चेटकीण आणि जादूगार यांचं द्वंद्व, सिंह, साप, विंचू अशी रूपं बदलत चाललेलं. प्रत्येक रूपाला स्वतःची चाल आहे, आणि ती चाल बदलली की आत तीच चेटकीण आहे हेही कळत राहतं. नटाला दुहेरी भूमिकेत जे साधावं लागतं तेच हे.

वितरक मिळेना. शेवटी २ मे १९२६ रोजी बर्लिनच्या फोल्क्सब्यूने नाट्यगृहात निमंत्रितांसमोर पहिला खेळ झाला. खरं यश त्याच वर्षी पॅरिसने दिलं. तिथे ज्याँ रेन्वारशी झालेली मैत्री आयुष्यभर टिकली. आपल्याला तो बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित करणारा दिग्दर्शक म्हणून माहीत आहे. पुढे लोटेने रोखुस ग्लीझेबरोबर जिवंत नटांचा एक चित्रपटही केला, ‘सुखाचा पाठलाग’. रेन्वार आणि कॅथरीन हेसलिंग त्यात होते. पण तो तयार होईपर्यंत बोलपट येऊन ठेपले होते आणि तो चालला नाही.

१९३३ नंतर हिटलरच्या जर्मनीत राहायचं नाही असं लोटे आणि कोखने ठरवलं. कुठल्याच देशाने त्यांना कायम राहू दिलं नाही. व्हिसा संपला की पुढचा देश: फ्रान्स, इंग्लंड, इटली. या भटकंतीतही चित्रपट होत राहिले. ‘कार्मेन’, मोझार्टच्या संगीतावरचा ‘पापागेनो’, ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी ‘द टोचर’. रेन्वारच्या १९३८ च्या ‘ला मार्सेयेझ’मधला सावल्यांच्या खेळाचा प्रसंगही तिचा. हे शक्य झालं कारण तिचा सगळा स्टुडिओ एका पेटीत मावत होता: कात्री, काळा कागद, तार, शिशाचा पत्रा. काच आणि दिवे कुठेही मिळतात. स्वतंत्र कलावंत म्हणजे मनस्वी माणूस, असा एक रम्य समज आपल्याकडे आहे. लोटेचं स्वातंत्र्य व्यवहारी होतं. आपलं साधन आपल्याला उचलून नेता आलं पाहिजे, हे त्याचं मूळ होतं.

१९४४ मध्ये आजारी आईच्या शुश्रूषेसाठी ती बर्लिनला परतली. शहरावर बॉम्ब पडत होते. अहमदची मूळ निगेटिव्ह १९४५ च्या धामधुमीत नष्ट झाली. आज तो चित्रपट आपण पाहू शकतो ते ब्रिटनच्या चित्रसंग्रहात राहिलेल्या प्रतीमुळे आणि शतकाच्या अखेरीस झालेल्या पुनरुद्धारामुळे.

१९४९ साली दोघं लंडनला गेली. तिथे या कहाणीतला मला सर्वांत प्रिय धागा येतो. ज्या बँकरच्या गॅरेजवर अहमद घडला, त्याचा मुलगाही लुई हागेनच. ज्यू असलेल्या या मुलाला पोरवयातच नाझी छळछावणीत टाकलं गेलं होतं. तिथून सुटून तो इंग्लंडला पोहोचला आणि ब्रिटिश सैन्यातून आर्नहेमला लढला. १९५३ मध्ये त्याने लोटेसाठी प्रिमरोज प्रॉडक्शन्स ही कंपनी उभी केली. लहानपणी आपल्याच घराच्या माळ्यावर जे घडताना पाहिलं, त्याला त्याने दुसऱ्या देशात छप्पर दिलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत टेलिव्हिजनसाठी डझनभर परीकथा झाल्या: ‘थंबेलिना’, ‘पुस इन बूट्स’, ‘हान्सेल आणि ग्रेटेल’. यांतल्या ‘शूर शिंपीदादा’ला १९५५ मध्ये व्हेनिसला पारितोषिक मिळालं.

१९६३ साली कोख गेला आणि तिचं काम बरीच वर्षं थांबलं. मग जग पुन्हा तिच्याकडे वळलं. १९७२ मध्ये जर्मन चित्रपटसृष्टीने तिचा सन्मान केला. कॅनडाने बोलावलं, आणि वयाच्या पंचाहत्तरीच्या पुढे तिने तिथे ‘ओकासँ आणि निकोलेत’ केला. १९ जून १९८१ रोजी जर्मनीतल्या डेटेनहाउझेन गावी ती वारली. साठ वर्षांच्या या कारकिर्दीत तिचे चाळीसहून अधिक चित्रपट झाले. हॅरी पॉटरच्या सातव्या भागातली तीन भावांची छायाकथा पाहताना, किंवा मिशेल ओसेलोच्या राजकन्या पाहताना, तिची कात्री ओळखू येते.

माझ्या कार्यशाळेत मुली विचारतात, अभिनय करावा की अ‍ॅनिमेशन? घरचे म्हणतात एक काहीतरी धर. मी त्यांना लोटेची गोष्ट सांगते, कारण तिने हा प्रश्न कामाने सोडवला. रंगमंचावर तिला मोठी भूमिका मिळाली नाही. काचेवर तिने राजपुत्र, परी, जादूगार, चेटकीण आणि त्यांचे घोडेसुद्धा स्वतः साकारले. अ‍ॅनिमेशनच्या पाठ्यपुस्तकांत तिला तिची जागा मिळाली आहे. मला ती नाट्यशाळांच्या अभ्यासक्रमातही हवी आहे, जिथे शरीराची भाषा शिकवतात. चेहरा, डोळे आणि आवाज काढून घेतल्यावर अभिनयात काय उरतं, याचं इतकं चोख उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मी फारसं पाहिलं नाही. ते शिकायला एक कात्री, काळा कागद आणि काच पुरते.